धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्यांची नावं : कुठून आली आणि कशी तपासायची

प्रश्न असा आहे : धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्यांना नुसते नंबर का? मधूनच पाच कंदील, बारा पत्थर, खोल गल्ली अशी नावं कशी आली? शहर सर विश्वेश्वरय्यांनी आखलं असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरं का? आणि मंडळाच्या स्मरणिकेत आपल्या भागाच्या नावांचा इतिहास छापायचा असेल तर तो शोधायचा कुठे?

आधी विश्वेश्वरय्यांचं, कारण स्मरणिकेत पहिली चूक तिथेच होईल. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले 1884 साली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ते खान्देशात होते आणि पांझरेच्या खोऱ्यात पाटाचं पाणी ओहोळापलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन त्यांनी बसवला, एवढं पक्कं आहे. पण पेठ त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीची आहे. 1818 मध्ये खान्देश कंपनी सरकारकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला अधिकारी झाला आणि त्याने धुळं हे मुख्य ठाणं केलं. 1819 मध्ये त्याने महसूल आणि न्यायाच्या कचेऱ्या बांधायची परवानगी मिळवली. लांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बोलावलं, घरं बांधायला जागा कायमची बिनसाऱ्याने दिली आणि वर तगाईसारखी, म्हणजे सरकारी कर्जासारखी, उचलही दिली. तेव्हाचं धुळं म्हणजे पांझरा नदी आणि पाटाचा कालवा यांच्या मध्ये दाबलेलं, मळ्यांनी वेढलेलं गाव होतं : 401 घरं, 2,509 माणसं. 1880 साली छापलेल्या खान्देशच्या सरकारी गॅझेटियरमध्ये जुनं धुळं आणि नवं धुळं असे दोन भाग वेगळे दाखवले आहेत. विश्वेश्वरय्या नोकरीला लागण्याच्या चार वर्षं आधीचं हे पुस्तक आहे. त्यामुळे स्मरणिकेत लिहायचं ते एवढंच, की नव्या पेठेची सुरुवात ब्रिग्जच्या काळात, 1819 नंतर झाली. विश्वेश्वरय्यांचा मान त्यांच्या पाण्याच्या कामासाठी ठेवावा. तो मान काही कमी नाही.

त्याच्याही आधीचं एक नाव स्मरणिकेत यायला हवं. होळकरांच्या धामधुमीत 1803 च्या सुमाराला धुळं ओस पडलं होतं. पुढच्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांचा कारभारी बाळाजी बळवंत याने लोकांना परत बोलावून गाव वसवलं. विंचूरकरांनी त्याला इनाम जमिनी दिल्या, पुढे सोनगीर आणि लळिंगचा कारभारही सोपवला, आणि त्याने आपलं ठाणं धुळ्यातच ठेवलं. म्हणजे जुन्या धुळ्यातल्या घराण्यांचे जे कागद आज सापडतात, त्यांतले बरेचसे या पुनर्वसाहतीनंतरचे असणार. "आमची गल्ली शिवकाळापासून आहे" असं कोणी म्हणालं तर गल्लीची जागा आणि गल्लीचं नाव हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. जागा जुनी असू शकते. नाव मात्र गाव पुन्हा वसल्यावरचं असण्याची शक्यता जास्त.

आता नंबरांचं. आग्रा रोडला समांतर, सरळ रेषेत जाणाऱ्या गल्ल्यांना ओळीने नंबर देता येतात. जुन्या धुळ्यात गल्ली वाकते, फुटते, एखाद्या वाड्याच्या भिंतीशी संपते, तिथे पहिली कुठली नि दुसरी कुठली हे ठरवायचं कसं? म्हणून तिथे माणसांची, देवळांची, धंद्यांची नावं राहिली. नंबर म्हणजे घरपट्टी, टपाल आणि मोजणी यांची सोय. तो कधी पडला हे शोधायचं असेल तर ब्रिग्जच्या काळात जाऊ नका. "गल्ली नंबर अमुक" हे शब्द खरेदीखतात किंवा घरपट्टीच्या पावतीवर पहिल्यांदा कधी दिसतात, ते पाहा. आखणीची तारीख आणि नंबराची तारीख एकच असेल असं धरून चालू नये.

गावातली नावं दोन तऱ्हांनी आलेली असतात आणि दोन्हींचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. काही नावं पडतात, काही ठेवली जातात. पाच कंदील, खोल गल्ली, बारा पत्थर, मोठा पूल, लहान पूल ही पडलेली नावं. त्यांचा ठराव कुठेही सापडणार नाही, कारण तो झालेलाच नाही. जमनालाल बजाज रोड, झाशी राणी चौक ही ठेवलेली नावं. ती कोणीतरी सुचवली, त्यांना अनुमोदन मिळालं, ठराव झाला आणि त्याला तारीख आहे. पडलेल्या नावाचा ठराव शोधत नगरपालिकेत खेटे घालणं आणि ठेवलेल्या नावासाठी म्हाताऱ्यांना "हे नाव का पडलं" विचारत बसणं, दोन्हींत वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

पडलेल्या नावांतही फरक आहे. वस्तूवरून पडलेली नावं सगळ्यांत विश्वासाची, कारण ती वस्तू तिथे असल्याशिवाय असं नाव सहसा पडत नाही. पाच कंदील हे नाव रस्त्यावर रॉकेलचे दिवे लागायचे त्या काळाकडे बोट दाखवतं. ते तपासायचं असेल तर नगरपालिकेच्या जुन्या जमाखर्चात दिवाबत्तीची बाब पाहावी : दिव्यांची संख्या, तेलाचा खर्च, दिवे लावणाऱ्याचा पगार. धुळ्याची नगरपालिका 1862 ची, त्यामुळे हा शोध त्या वर्षाच्या मागे न्यायचं कारण नाही. दिशा आणि जमिनीच्या उतारावरून पडलेली नावंही भरवशाची. खोल गल्ली म्हणजे आसपासच्या जमिनीपेक्षा खाली असलेली, आणि हे आजही पावसाळ्यात पाणी कुठे साचतं यावरून पाहता येतं. मात्र रस्त्यावर थरावर थर डांबर चढल्यावर खोली दिसेनाशी होते. अशा वेळी गल्लीतल्या जुन्या घरांचे उंबरे पाहा. उंबरा रस्त्यापेक्षा खाली गेला असेल तर रस्ता किती चढला ते कळतं.

साक्री रोड, पारोळा रोड, चाळीसगाव रोड या नावांत काही गूढ नाही. रस्ता ज्या गावाला जातो ते त्याचं नाव. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, जुन्या 6 क्रमांकाचा 53 झाला, जुन्या 3 क्रमांकाचे तुकडे होऊन नाशिककडचा 60 आणि इंदूरकडचा 52 झाला, तरी गावात कोणी "बावन्न नंबरला भेटू" म्हणत नाही. आग्र्याला जाणारी वाहतूक बाहेरच्या रस्त्याने गेली, आतला आग्रा रोड बाजारपेठ झाला, नाव मात्र तेच आहे. ऐंशी फुटी रोड, शंभर फुटी रोड ही नावं विकास आराखड्याच्या काळातली. आखलेली रुंदीच नाव होऊन बसली. ऐंशी फूट म्हणजे 24.38 मीटर. त्यामुळे नकाशात हा रस्ता 24 मीटरच्या आसपास दाखवलेला दिसला तर गोंधळू नका.

ठराव करून नाव टिकतंच असंही नाही. 1601 मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने अख्ख्या खान्देशाला मुलगा दानियाल याच्या नावावरून दानदेश म्हणायला लावलं. बादशहाचं फर्मान होतं, पण आपण आजही खान्देशच म्हणतो. ठेवलेल्या नावाचं दुसरं मरण म्हणजे आद्याक्षरं. जमनालाल बजाज रोडचा जे. बी. रोड झाला की दोन पिढ्यांनी कोण जमनालाल हे विचारणाराही राहत नाही. स्मरणिकेत अशी नावं पूर्ण छापावीत. या कामाचा खरा उपयोग तिथेच आहे.

आता शोधाकडे. एकाच वेळी सगळी पेठ हातात घेऊ नका. एक गल्ली घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना काय आहे ते लिहा. मग दोन्ही बाजूंच्या मिळकतींचे नगर भूमापन क्रमांक, म्हणजे आपण बोलताना सिटी सर्व्हे नंबर म्हणतो ते, ओळीने उतरवा. रस्त्याला नाव बदलता येतं, घराला रंग बदलता येतो. हा क्रमांक मात्र सहसा टिकून राहतो आणि तुकडे पडले तरी मूळ आकडा मागे लागून राहतो. पुढे मिळणारा प्रत्येक कागद या क्रमांकाशी जोडायचा. हे केलं नाही तर दोन वेगळ्या गल्ल्यांचे पुरावे एका नावाखाली मिसळतात, कारण माळी गल्ली किंवा मारुती गल्ली अशी नावं एका शहरात दोन-तीन ठिकाणी सहज असतात.

क्रमांक मिळाल्यावर भूमी अभिलेखच्या कार्यालयात तीन गोष्टी मागा : मिळकत पत्रिका, नगर भूमापनाचा नकाशा आणि चौकशी नोंदवहीचा उतारा. आता डिजिटल सहीची पत्रिका संगणकावर मिळते, पण आपल्या कामासाठी हातानं लिहिलेल्या जुन्या पत्रिकेची नक्कल अर्ज करून घ्यावी, कारण मागच्या फेरफारांच्या नोंदी, शेरे आणि खाडाखोड तिथे दिसते. पत्रिकेवर "मूळ धारक" म्हणून जे नाव असतं तो वाडा बांधणारा नव्हे. भूमापनाची चौकशी झाली त्या वेळी ताब्यात असलेला माणूस तो. अनेक जण इथे फसतात आणि "हा वाडा अमुक साली अमक्याने बांधला" असं छापून टाकतात. पत्रिकेवर गल्लीचं नाव बहुतेक वेळा नसतं. ते नकाशावर किंवा चौकशी नोंदवहीत सापडतं. नकाशा पाहताना उत्तर दिशेचा बाण आधी शोधा आणि प्रमाण लिहून घ्या.

सगळ्यांत जास्त माहिती खरेदीखतं, गहाणखतं आणि वाटणीपत्रांतून मिळते, आणि तीही चतुःसीमेच्या चार ओळींतून. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याचा गोठा. लोक खतातली रक्कम आणि नावं वाचतात, चतुःसीमा सोडून देतात. गल्लीचं नाव लिहिण्याची खरी जागा तीच. पण चतुःसीमा वाचताना एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा : खत लिहिणारा मागच्या खतातल्या सीमा जशाच्या तशा उतरवतो. शेजारचा माणूस वारून वीस वर्षं झाली तरी खतात "पश्चिमेस त्याचं घर" असतं. म्हणून एखादं नाव खतात पहिल्यांदा दिसलं, तर त्या तारखेच्या आधीपासून ते रूढ होतं असं म्हणता येतं. शेवटचं कधी दिसलं यावरून मात्र ते तोवर बोलण्यात होतं असं म्हणता येत नाही. जुनी नावं कधी गेली याबद्दलच्या बहुतेक चुका यातून होतात.

दिशांचंही तसंच. जुन्या धुळ्यात गल्ल्या नदीच्या वळणाने गेलेल्या आहेत, घराचं तोंड ईशान्येला असलं तरी खतात ते पूर्व किंवा उत्तर होतं. एका घराचं खत सांगतं "पूर्वेस रस्ता" आणि लगतच्या घराचं सांगतं "उत्तरेस रस्ता", तर रस्ते दोन होते असं लगेच धरू नका. शेजारच्या तीन-चार मिळकतींची खतं एकत्र मांडली की कोण कोणाच्या कुठल्या बाजूला हे जुळतं आणि रस्ता आपोआप जागेवर बसतो. मापांच्या बाबतीत, जुन्या खतांत घर खणांत मोजलेलं असतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आणि ते घरागणिक वेगळं, त्यामुळे खणांचे फूट करत बसू नका. गज, हात, फूट असतील तर चालतं.

नोंदणीकृत दस्तांची सूची दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पाहता येते. संगणकावर अलीकडच्या दशकांचंच मिळतं, मागचं जायला कार्यालयातच बसावं लागतं. पण त्याआधी गल्लीतल्या घरांतल्या ट्रंका उघडायला सांगा. खतांपेक्षाही कामाची एक गोष्ट तिथे असते : लग्नपत्रिका. छापलेली, तारीख असलेली, आणि पाहुणा चुकू नये म्हणून पत्ता अगदी लोक बोलत तसा दिलेला. "पाच कंदीलजवळ", "अमक्या वाड्यासमोर". वीस-तीस पत्रिका वर्षाप्रमाणे लावल्या की जुनं नाव कधी कंसात गेलं आणि कधी पत्त्यातून निघून गेलं हे डोळ्यांसमोर दिसतं. शाळा सोडल्याचे दाखले, मनीऑर्डरच्या पावत्या, दुकानांची बिलबुकं, घरपट्टीच्या पावत्या हेही ठेवा. फोटो काढताना पत्त्याबरोबर तारखेची ओळही चौकटीत येऊ द्या. नंतर तारीख नसलेला फोटो कुचकामी ठरतो.

तारीख नसलेल्या किंवा फाटक्या कागदाचा काळ जिल्ह्याच्या नावावरून बराचसा ठरवता येतो. नुसतं "जिल्हा खानदेश" असेल तर कागद 1906 च्या आधीचा. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. "पश्चिम खानदेश" किंवा "प. खा." असेल तर 1906 ते 1960 च्या आसपास. त्यानंतर "जिल्हा धुळे". नंदुरबारचा पत्ता "जि. धुळे" असा दिसला तर तो कागद 1 जुलै 1998 च्या आधीचा धरायला हरकत नाही. रुपये-आणे-पै असतील तर साधारण 1957 पर्यंतचा. मात्र जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरले जायचे, त्यामुळे दोन-तीन वर्षांची ढील ठेवा.

सन बदलतानाही गल्लत होते. खान्देशात एकाच गल्लीत तीन प्रकारची कालगणना सापडते. ब्राह्मणी आणि देवस्थानच्या कागदांत शके, गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या चोपड्यांत विक्रम संवत, सरकारी वसुलात फसली. शकात 78 मिळवा. संवतातून कार्तिकापासून डिसेंबर अखेरपर्यंत 57 आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत 56 वजा करा. फसलीत 590 मिळवा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असेल तर 599. पडताळा म्हणून : शके 1741, फसली 1229, सुहूर 1220 आणि संवत 1876 चा कार्तिक, सगळे 1819 ला येऊन मिळतात. उत्तर एका वर्षाने इकडे-तिकडे झालं तर महिना पुन्हा पाहा, कारण प्रत्येक सन वेगळ्या महिन्यात सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस मिळाला तरी गल्लीची नावं त्याच्याकडून दोनदा वाचून घ्या. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग चालते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मजकुराचा अर्थ संदर्भावरून लागतो, पण विशेषनामाला संदर्भ नसतो आणि चूक तिथेच होते. वाचणाऱ्याला आजचं नाव आधी सांगू नका. सांगितलंत की त्याला कागदातही तेच दिसायला लागतं. पेशवाई आणि कंपनीच्या सुरुवातीच्या काळासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आणि दख्खनच्या कमिशनरचा पत्रव्यवहार आहे. ब्रिग्जने तेव्हाचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला लिहिलेली पत्रं तिथे शोधावीत. आणि धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि 1927 मध्ये मंडळ उभं राहिलं. जुन्या कागदांच्या अभ्यासासाठी अशी संस्था ज्या गावात आहे त्या गावाची स्मरणिका इंटरनेटवरून उतरवलेली असावी, हे बरं दिसत नाही.

आता ठेवलेल्या नावांकडे. धुळ्याची महानगरपालिका 2003 सालची, त्याआधी नगरपालिका. रस्ते आणि चौकांच्या नामकरणाचे ठराव सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात असतात. पालिका बरखास्त होऊन प्रशासक होता त्या वर्षांत ठराव नसतो, प्रशासकाचा आदेश असतो, तो वेगळ्या फायलीत. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा तर "या चौकाला हे नाव का दिलं" असं विचारू नका. "का" याचं उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. "सन अमुक ते तमुक या काळातील नामकरणविषयक ठराव व त्यासोबतचे अर्ज यांच्या अभिलेखाचे अवलोकन" असं मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पाच-पाच वर्षांचे तुकडे करून वेगळे अर्ज केले तर नकार मिळण्याची शक्यता कमी. ठराव हाती आला की त्यातली हद्द जपून उतरवा : "अमुक चौकापासून तमुक पुलापर्यंत". पाटी एका टोकाला लागते आणि लोक पुढच्या रस्त्यालाही तेच नाव लावतात. मूळ हद्द ठरावातच सापडते. पाटीवरची तारीख ही अनावरणाची तारीख असते. ठराव त्याच्या वर्षभर आधीचाही असू शकतो.

म्हाताऱ्या माणसांकडे जाताना प्रश्न नीट निवडा. "नाव का पडलं" विचारलं की गोष्ट मिळते, बहुतेक वेळा वर्तमानपत्रात वाचलेलीच. त्याऐवजी विचारा : टांगेवाल्याला काय सांगायचात? तुमच्या लग्नाची वरात कुठून कुठे गेली? पुराच्या वेळी पाणी कुठल्या ओट्यापर्यंत आलं होतं? या प्रश्नांना गल्लीचं नाव सहज बाहेर पडतं. घरात अहिराणी बोलत असतील तर अहिराणीतच विचारा, "या गल्लीले पहिले काय म्हनेत?" प्रमाण मराठीत विचारलं की माणूस पाटीवरचं नाव सांगतो, अहिराणीत विचारलं की "खालनी गल्ली" येतं. बायकांना वेगळं विचारा. पाणवठा, गिरणी, देऊळ यांच्या वाटांची नावं पुरुषांना ठाऊक नसतात. दोन वेगळ्या घरांतून, एकमेकांना न विचारता, तेच नाव आलं तरच ते शोधाच्या तक्त्यात (तो शेवटी दिला आहे) घाला.

जातींवरून पडलेल्या नावांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जुन्या खतांत आणि नकाशांत अशी नावं सर्रास आहेत. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, आणि तो योग्यच आहे. पण शोधाच्या तक्त्यातून जुनं नाव पुसू नका, नाहीतर पुढच्या माणसाला जुना कागद आजच्या जागेशी जोडता येणार नाही. छापताना शीर्षकात आणि नकाशात आजचंच नाव द्यावं. जुनं नाव फक्त खताचा हवाला देताना, अवतरणात, आणि त्या वस्तीतल्या लोकांना दाखवून. भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, हे नाव खान्देशात गावोगाव आहे. तिथेही आधी तिथे राहणाऱ्यांना विचारावं.

शेजारच्या जळगावकडे एक नजर टाकली तर तुलना चांगली होते. ते शहर कापसाने वाढलं. 1862 ते 1865 या अमेरिकेतल्या युद्धाच्या वर्षांत भाव चढले तेव्हा बाजार फुगला, आणि तिथे नावं पेठांची आली. पोलन पेठ हे मराठी वाटणारं नाव खरं तर पोलन या इंग्रज कलेक्टरचं आहे. हे ठाऊक नसेल तर माणूस त्याची भलतीच व्युत्पत्ती करत बसतो. रथ चौक कार्तिकी एकादशीच्या रथावरून. आणि काव्यरत्नावली चौक तर एका मासिकाच्या नावाचा : नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 पासून जळगावातून केवळ कवितेला वाहिलेलं मासिक चालवलं, 1907 चं कविसंमेलन त्याच गावात भरलं. रिक्षावाला दिवसातून पन्नास वेळा एका कवितेच्या मासिकाचं नाव घेतो, असं गाव दुसरं दाखवा! अशा चौकात पाटीखाली दोन ओळींची माहिती लावली तर खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

शेवटी तक्ता. प्रत्येक नावाला एक ओळ, आणि रकाने असे ठेवा : लोकांच्या बोलण्यातलं नाव, पाटीवरचं नाव, ठरावातलं नाव, दोन्ही बाजूंचे भूमापन क्रमांक, सगळ्यांत जुना पुरावा कुठल्या तारखेचा, तो कागद कोणता आणि कोणाकडे, आणि नावाबद्दल सांगितली जाणारी गोष्ट. गोष्टीचा रकाना पुराव्याच्या रकान्याला लागून ठेवू नका, टाइप करताना दोन्ही एकात मिसळतात. घरमालकाचं नाव छापायची परवानगी लेखी घ्या, नसेल तर "गल्लीतील एका कुटुंबाकडील खत" एवढंच लिहा. जुन्या मिळकतींवर वाद चालू असतात आणि तुमची स्मरणिका कोणाच्या तरी वकिलाच्या फायलीत जाऊ शकते. 1872 च्या पांझरेच्या पुरात घरांचं फार नुकसान झालं होतं, त्यामुळे नदीकाठच्या भागात त्याआधीचे घरगुती कागद कमी मिळाले तर नवल नाही. तिथे खतांऐवजी देवळांच्या घंटा, ओट्यांवरचे दगड आणि विहिरींवरचे कोरीव सन पाहा. दगडावरचा मजकूर वाचायला सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जा. खडूने किंवा रंगाने अक्षरं भरू नका, वरून पाणी शिंपडून फोटो काढला की बहुतेक अक्षरं उठून येतात.